गल्लीचा रस्ता आणि गाडीचं इंधन: बडोद्यातल्या एका सोसायटीची वर्गणी

पार्श्वभूमी

विश्वामित्री नदीपासून जेमतेम किलोमीटरभर अंतरावरची, सखल भागातली ६२ रो-हाउसची सोसायटी. निम्म्याहून जास्त घरं मराठी, बाकीची गुजराती. ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत. आतला रस्ता २४० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद. तो महानगरपालिकेकडे सोपवलेला नाही, त्यामुळे त्याची दुरुस्ती सोसायटीच्याच खर्चानं होते. वीस वर्षांपूर्वी खडीवर डांबराचा पातळ थर टाकला होता. खाली काळी माती.

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीला पूर आला आणि रस्ता दोन दिवस पाण्याखाली राहिला. डांबर त्याच वेळी उखडलं असतं तर बरं झालं असतं, निदान कारण सगळ्यांना दिसलं असतं. तसं झालं नाही. पाणी ओसरल्यावर रस्ता वरून धड दिसत होता, फक्त खालची माती भिजून मऊ झाली होती. काळी माती भिजली की फुगते आणि तिची भार पेलायची ताकद पार ढासळते. त्यातच दिवाळीनंतर चार घरांनी जोतं उंच करायचं काम काढलं, भरणीचे आणि रेतीचे ट्रक सुरू झाले. मार्चपर्यंत वळणावर हातभर रुंदीचे दोन खोल चर पडले होते. स्कूटरची पुढची फूटबोर्ड घासायची एवढे.

खर्चाचा अंदाज आला १९ लाख: पेव्हर ब्लॉकचा रस्ता १,२०० चौरस मीटर, दर १,३५० रुपये, म्हणजे १६ लाख २० हजार, आणि गटार-चेंबरचे २ लाख ८० हजार. सिंकिंग फंडातून, म्हणजे मोठ्या दुरुस्त्यांसाठी साठवलेल्या निधीतून, ७ लाख काढता येत होते. राहिलेले १२ लाख घराघरांतून उभे करायचे होते.

वाद कुठे पेटला

कमिटीचा पहिला विचार साधा होता: बासष्टांनी भागा, घरटी सुमारे १९,३५० रुपये. १३ एप्रिल २०२५ च्या सभेत हा ठराव मांडला गेला आणि दहा मिनिटांत सभा इंधनावर घसरली.

वेळच तशी होती. ८ एप्रिलला केंद्रानं पेट्रोलवरचं उत्पादन शुल्क लिटरमागे २ रुपयांनी वाढवून २१ रुपये ९० पैसे केलं होतं. (पंपावरचा भाव वाढला नव्हता, भार तेल कंपन्यांनी सोसला. पण सभेत ते कोण ऐकतो.) त्याच महिन्यात गुजरातनं इलेक्ट्रिक गाड्यांचा वाहन कर ६ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आणला, ३१ मार्च २०२६ पर्यंत. पंधरा लाखांच्या गाडीवर ९० हजारांऐवजी १५ हजार. एक पेट्रोलवाले काका उभे राहिले: “आम्ही लिटरमागे रस्त्याचे पैसे भरतो, हे लोक फुकट फिरतात. वर त्यांच्या गाड्या जड. त्यांनी जास्त द्यावेत.”

मागच्या रांगेतून उत्तर आलं: “काका, तुमच्या पेट्रोलचा एक पैसा तरी या गल्लीत आलाय का?”

पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणाऱ्या हायब्रिडचे मालक म्हणाले, आम्ही अर्धे-अर्धे, आमची वर्गणीही मधली ठेवा. सीएनजीवाले आधी गप्प होते, नंतर त्यांनाही आपली बाजू सापडली. आणि गाडीच नसलेल्या अकरा घरांपैकी एका आजींनी विचारलं, “माझ्याकडे सायकलसुद्धा नाही, मी कशाचे देऊ?” सभा ठरावाविना उठली.

एकाच सभेत तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले होते: देशाच्या रस्त्यांसाठी कोण किती कर भरतं, गाडी रस्त्याची किती झीज करते आणि या गल्लीचा फायदा कुणाला होतो. ते सुटे केल्याशिवाय आकडा ठरणं शक्य नव्हतं. कमिटीनं चार जणांवर हे काम सोपवलं, त्यांतले एक निवृत्त बांधकाम अभियंता होते.

पहिला धागा: कर कोण किती भरतं

तक्रारीत तथ्य होतं, हे आधी मान्य केलं गेलं. तेव्हा बडोद्यात पेट्रोल ९४-९५ रुपयांच्या आसपास असताना त्यात केंद्राचे २१.९० रुपये आणि राज्याचा १३.७ टक्के व्हॅट व ४ टक्के सेस मिळून सुमारे १४ रुपये, असे ३६ रुपये कराचेच होते. लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी किलोमीटरमागे २ रुपये ४० पैसे कर भरते. २२ किलोमीटर देणारी स्ट्राँग हायब्रिड (काही अंतर नुसत्या बॅटरीवर चालू शकणारी) भरते १ रुपया ६४ पैसे. घरी चार्ज होणाऱ्या इलेक्ट्रिकचा वीजशुल्काचा वाटा पंधरा-वीस पैशांपलीकडे जात नाही.

पण या ३६ रुपयांत रस्त्याच्या नावानं वेगळा घेतला जाणारा सेस फक्त ५ रुपयांचा. वर्षाला ९,००० किलोमीटर चालणारी पेट्रोल गाडी ६०० लिटर पिते, म्हणजे रस्ते व पायाभूत सुविधा उपकराचे ३,००० रुपये. हायब्रिडचे साधारण २,०५०. इलेक्ट्रिकचं शून्य. आणि सीएनजीचंही शून्य, कारण हा उपकर पेट्रोल-डिझेलवरच आहे. हे कळल्यावर सीएनजीवाल्यांची बाजू पुन्हा गप्प झाली.

खरेदीच्या वेळचं चित्र वेगळं. तेव्हा इलेक्ट्रिकवर ५ टक्के जीएसटी होता आणि मोठ्या हायब्रिडवर उपकरासह ४३ टक्के. (२२ सप्टेंबर २०२५ पासून मोठी हायब्रिड ४० टक्क्यांत आली, इलेक्ट्रिक ५ वरच राहिली.) म्हणजे पंपावर कमी कर भरणारा हायब्रिडवाला शोरूममध्ये आधीच पुष्कळ भरून आलेला असतो.

हे सगळं खरं असलं, तरी गल्लीच्या हिशेबात त्याला जागा नव्हती. उपकराचा पैसा केंद्राच्या निधीत जातो, त्यातून महामार्ग आणि इतर कामं होतात. सोसायटीच्या खासगी रस्त्याला त्यातलं काही मिळत नाही. इलेक्ट्रिकवाल्यानं दिल्लीला न दिलेला कर सोसायटीनं वसूल करायचा, तर तो दिल्लीला देणारही नाही आणि पेट्रोलवाल्याला परतही करणार नाही. ती वसुली ठरते, वर्गणी नाही. हा पर्याय इथेच बाद झाला.

दुसरा धागा: किलोमीटर मोजायचे का

एका तरुण सभासदानं न्यूझीलंडचा दाखला आणला होता. तिथे १ एप्रिल २०२४ पासून इलेक्ट्रिक मोटारींना हजार किलोमीटरमागे ७६ डॉलर रस्ता-वापर शुल्क आहे. प्लग लावून चार्ज होणाऱ्या हायब्रिडला ३८, कारण ती पेट्रोलवरचा करही भरते. प्लग नसलेल्या हायब्रिडला हे शुल्क नाही, तिचा कर पंपावरच भरला जातो. व्यवस्था सुटसुटीत आहे. ओडोमीटरचा, म्हणजे गाडी एकूण किती किलोमीटर चालली ते दाखवणाऱ्या मापकाचा, फोटो घेऊन आपणही तसंच करू, अशी सूचना आली.

ती गल्लीत चालत नाही, आणि कारण अगदी सरळ आहे. अहमदाबादला रोज जाऊन-येऊन करणाऱ्याचा ओडोमीटर वर्षाला पन्नास हजारांनी फिरतो, पण गल्लीतून तो दिवसाला दोनदाच जातो. घरातल्या घरात क्लास घेणाऱ्या वहिनींची गाडी महिन्याला दोनशे किलोमीटर चालते, पण पालकांच्या तीस स्कूटर रोज त्यांच्या दारापर्यंत येतात. देशाचा सगळा रस्ता एकाच मालकाचा असेल तेव्हा किलोमीटर हे चांगलं माप असतं. २४० मीटरच्या रस्त्याला फेऱ्या मोजाव्या लागतात.

म्हणून २१ ते २७ एप्रिल असे सात दिवस गेटवर मोजणी झाली. वॉचमनच्या नोंदवहीत चार रकाने आखले: दुचाकी, मोटार, टेंपो, भरलेलं जड वाहन. सकाळी सात ते रात्री दहा, दोन-दोन तासांच्या पाळ्या. पहिल्याच दिवशी चूक सापडली. वॉचमन रिकामा परत जाणारा ट्रकही ‘भरलेला’ म्हणून लिहीत होता. मग टायरच्या फुगवट्याकडे बघायला सांगितलं: भरलेल्या ट्रकचे मागचे टायर जमिनीलगत पसरलेले दिसतात.

आठवड्याचा आकडा: दुचाकींच्या ४,६५५ फेऱ्या, मोटारींच्या १,९१२, आणि भरलेली जड वाहनं फक्त २०. त्यांत ११ पाण्याचे दहा हजार लिटरचे टँकर, ९ ट्रक.

तिसरा धागा: झीज कोण करतं

रस्त्याची झीज वजनाच्या सरळ प्रमाणात होत नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ऑटवा इथे १९५८ ते १९६० दरम्यान झालेल्या मोठ्या चाचणीतून निघालेला ढोबळ नियम असा की ती एका ॲक्सलवरच्या (चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्यावरच्या) भाराच्या चौथ्या घातानं वाढते. भार दुप्पट तर झीज सोळापट. भारतीय रस्त्यांचं डिझाइन ८.१६ टनांचा ॲक्सल एक एकक धरून करतात.

प्रवाशांसह १.४ टनांची पेट्रोल गाडी, प्रत्येक ॲक्सलवर ०.७ टन. दोन्ही ॲक्सल मिळून झीज येते एककाचा सुमारे ०.०००११ भाग. तशीच इलेक्ट्रिक, बॅटरीमुळे अडीचशे किलोनं जड धरली, तर ०.०००२१. म्हणजे काकांचं म्हणणं कागदावर बरोबर होतं: इलेक्ट्रिक जवळपास दुप्पट झीज करते. मात्र ही दुप्पट नगण्य गोष्टीची आहे. सोळा टनांचा भरलेला टँकर, मागच्या ॲक्सलवर साडेदहा टन घेऊन, एका फेरीत २.९५ एकक झीज करतो. तेवढ्या झिजेला पेट्रोल गाडीच्या सत्तावीस हजार फेऱ्या लागतात, इलेक्ट्रिकच्या चौदा हजार.

आठवड्याच्या मोजणीला हे लावलं तर सगळ्या मोटारी मिळून पाव एकक, आणि ती वीस जड वाहनं मिळून एकोणसाठ.

इतक्या हलक्या भाराला चौथा घात अचूक लागू पडतोच असं नाही, आणि हा नियम डांबरी-काँक्रीट रस्त्यांवरून आला आहे, ब्लॉकच्या नाही. पण पाव आणि एकोणसाठ यांतला फरक असल्या शंकांनी पुसला जात नाही. हा तक्ता नोटीस बोर्डावर गुजराती आणि मराठीत लावला, तेव्हा इंधनाचा वाद निम्मा ओसरला.

निर्णय

आता खरा प्रश्न समोर आला: टँकर कुणाचा? ट्रक चार घरांचे होते, ते उघड होतं. टँकर मात्र सामाईक टाकीसाठी येत होते, कारण उन्हाळ्यात बोअरचं पाणी खाली गेलं होतं. त्या पाण्यावर बासष्ट घरांचे नळ चालतात. आजींच्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळालं. सायकल नसली तरी त्यांचं पाणी सोळा टनांच्या गाडीतून या रस्त्यानं येतं. सेक्रेटरी स्वतः त्यांच्याकडे तक्ता घेऊन गेले. आजी म्हणाल्या, “हे आधी सांगितलं असतं तर मी बोललेच नसते.”

११ मेच्या सभेत पुढचा ठराव झाला. घरटी १३,५०० रुपये समान, म्हणजे ८ लाख ३७ हजार. त्यावर मोटारीमागे एकदाच आकार, इंधन न बघता आरसीवरच्या रिकाम्या वजनानुसार: १,२०० किलोपर्यंत ४,००० रुपये, त्यावर ५,५००. दुचाकींना काही नाही. जड वाहन मागवणाऱ्या घराला फेरीमागे ५०० रुपये, आणि १५ जून ते १५ ऑक्टोबर बारा टनांवरच्या वाहनाला गेटच्या आत बंदी.

७१ मोटारींपैकी ४४ खालच्या गटात आल्या, २७ वरच्या. वरच्यांत १४ पैकी ११ इलेक्ट्रिक, ८ पैकी ६ हायब्रिड आणि पेट्रोल-डिझेल-सीएनजीच्या ४९ पैकी १०, मुख्यतः डिझेल एसयूव्ही. तीन छोट्या इलेक्ट्रिक खालच्या गटात गेल्या. मोटारींचे ३ लाख २४ हजार ५०० धरून बेरीज ११ लाख ६१ हजार ५०० झाली. राहिलेले ३८,५०० जड वाहनांच्या आकारातून वर्षभरात येतील असं धरलं.

इंधनानुसार गट पाडले असते तर काय झालं असतं, याची चुणूक आरसी गोळा करतानाच मिळाली. एका सात आसनी गाडीच्या इंधनाच्या रकान्यात ‘पेट्रोल/हायब्रिड’ लिहिलेलं होतं. ती माइल्ड हायब्रिड, म्हणजे छोट्या बॅटरीनं इंजिनला थोडा हातभार लागतो, नुसत्या विजेवर ती चालत नाही. कागदावर मात्र ती हायब्रिडच, आणि मालक हायब्रिडचीच सवलत मागणार. वजनाच्या रकान्यात असा वाद नसतो.

टँकरबाबतही एक निर्णय झाला, आणि सगळ्यांत स्वस्तात सगळ्यांत जास्त काम त्यानंच केलं. दहा हजार लिटरच्या एकाऐवजी पाच हजार लिटरचे दोन मागवायचे. साडेनऊ टनांच्या छोट्या टँकरची झीज येते ०.३६ एकक, दोन फेऱ्यांची ०.७२. पाणी तेवढंच, झीज पावपट. पुरवठादारानं फेरीमागे थोडा जास्त दर लावला, तो मान्य केला.

काम

पावसाच्या आत गटार, दिवाळीनंतर रस्ता, असा क्रम लावला. ओल्या काळ्या मातीवर रोलर फिरवणं म्हणजे पैसे चिखलात घालणं. नोव्हेंबरात ४१० मिलिमीटर खोल उकरलं. तळाशी जिओटेक्स्टाइल, म्हणजे काळी माती वरच्या खडीत शिरू नये म्हणून कापड, त्यावर मुरूम-खडीचा १५० मिलिमीटरचा थर, मग १५० ओली मिसळलेली दाबलेली खडी, ३० मिलिमीटर रेती आणि ८० मिलिमीटर जाडीचे एम-४० (काँक्रीटच्या ताकदीची प्रत) ब्लॉक. ६० मिलिमीटरचे ब्लॉक स्वस्त पडले असते, पण ते पायवाट आणि पार्किंगसाठी ठीक असतात, टँकरसाठी नाहीत. मधून कडेला अडीच टक्के उतार. पीएनजीची, म्हणजे घरगुती गॅसची, पाइप असलेल्या पट्ट्यात जेसीबी न लावता हातानं खोदलं.

चूक वळणावर झाली. तिथे खडीचा थर वरखाली झाला होता आणि ठेकेदारानं तो पुन्हा सारखा न करता खड्डे रेतीनं भरले. वरून सगळं सपाट. सहा आठवड्यांत ३४ चौरस मीटर ब्लॉक बोटभर खाली बसले. ब्लॉक उचलून मोजपट्टी घातली तर रेती ६५ मिलिमीटर निघाली. २० ते ४० च्या वर रेती गेली की ती चाकाखाली सरकते. ठेकेदाराचे दहा टक्के रोखून ठेवले होते, म्हणून त्यानं ते विनातक्रार पुन्हा केलं.

पुढे काय झालं

जानेवारी २०२६ पर्यंत ५८ घरांचे पूर्ण पैसे आले. तीन घरं हप्त्यानं देत आहेत. एका हायब्रिडवाल्याची लेखी हरकत बाकी आहे: त्यांची गाडी १,२०० च्या रेषेवर फक्त काही किलोनं जास्त भरते. गेटच्या वहीत भरलेल्या जड गाड्या आठवड्याला वीसवरून चार-पाचवर आल्या. हे श्रेय फक्त ५०० रुपयांच्या आकाराला देऊ नये. चारही घरांची बांधकामं संपली होती आणि थंडीत टँकर लागत नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

मोजणी पहिल्या सभेच्या आधी व्हायला हवी होती. आकडा हातात नसताना वर्गणी मांडली की रिकामी जागा इंधन, जात, भाडेकरू, काहीही भरून काढतं.

वजनाचे दोन गट हा ठरावाचा कच्चा भाग आहे. मोटारींची एकूण झीजच पाव एकक, तर १,२०० किलोच्या अलीकडे-पलीकडे दीड हजारांचा फरक झिजेवर उभा राहत नाही. तो सभेला शांत करण्यासाठी दिलेला तुकडा होता. मोटारीचा आकार खरं तर जागेचा आहे: वळण्याची, उभं राहण्याची, समोरून येणाऱ्याला थांबवण्याची. त्या नावानं सर्व मोटारींना सरसकट ४,६०० लावले असते तर ३ लाख २६ हजार ६०० आले असते, थोडे जास्तच, आणि रेषेवरची हरकतही आली नसती.

जड वाहनाचा आकार बांधकाम सुरू होण्याआधी, अनामत घेऊन लावायचा असतो. इथे तो रस्ता मोडल्यावर लागला. ज्या चार घरांचे ट्रक होते त्यांनी मागच्या फेऱ्यांसाठी काहीच दिलं नाही, आणि ठराव मागच्या तारखेपासून लावणं योग्यही नव्हतं.

आणि एक गोष्ट सगळ्यांच्याच नजरेतून सुटली. रस्ता उघडा असताना ११० मिलिमीटरचे पीव्हीसी पाइप आडवे टाकून ठेवायला हवे होते. डिसेंबरात दोघांना समोरच्या पार्किंगच्या पट्ट्यात चार्जर हवा झाला, वायर रस्त्यापलीकडे न्यायची होती. ब्लॉक असल्यानं तोडफोड झाली नाही: दोन माणसांनी ब्लॉकची अर्धा मीटर रुंद पट्टी उचलली, पाइप टाकला, खडी दाबून ब्लॉक परत बसवले. खर्च त्या दोघांनी केला. आता असे पाइप पुढे लागतील अशा आणखी पाच जागांवर नकाशात लाल खूण केली आहे.